गालगुंडाचा शुक्रवार

आता गालगुंड म्हणजे काय मोठा आजार आहे का? दोन दिवस तोंड भोपळ्यासारखं फुगतं, चार दिवस लोक हसतात, आठव्या दिवशी माणूस पुन्हा माणसासारखा दिसायला लागतो. पण तिचं गालगुंड पंचेचाळीस वर्षं उतरलं नाही. म्हणजे गाल उतरले हो, अगदी वेळेवर उतरले. पण ज्या शुक्रवारी ते फुगले ना, तो शुक्रवार काही अंगातून जाईना. कारण त्या शुक्रवारी ती शाळेत गेली नाही, आणि त्याच शुक्रवारी शेवटच्या तासाला बाईंनी गोष्ट संपवली.

वर्गाने तेव्हापासून तिचं नावच 'गैरहजर' ठेवलं. पाच वर्षांत बिचारीचा एक आठवडा चुकला! बाकीचे लेकाचे आठवड्यातून दोनदा पोट दुखवून घ्यायचे, त्यांना कुणी काही म्हणालं नाही. आता तिचे केस पांढरे झाले, घरात सून आली, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून घासून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की तिचा ठसा कुठल्याच कागदावर उमटत नाही. तरी वर्गातलं कुणी रस्त्यात भेटलं की हाक तीच. "अगं ए, गैरहजर!" एकदा तर जावयासमोर.

बाई साहित्य शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे आधी पुस्तक मिटायच्या. मग कविता म्हणायला लागल्या की खिडकीतले कावळे आत येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. खोटं वाटत असेल तर वाटू दे. पाहणारे चाळीस जण होते, आणि चाळीसही जण कावळ्यांचा आकडा वेगवेगळा सांगतात, पण कावळे नव्हते असं एकही जण म्हणत नाही.

शुक्रवारचा शेवटचा तास गोष्टीचा. बाई गोष्टीचा एक तुकडा सांगायच्या आणि तो तुकडा प्रत्येकाने संध्याकाळी घरी जाऊन कुणाला तरी सांगायचा, हा अभ्यास. पण अट अशी की ऐकलं तसं सांगायचं नाही. "तसं सांगायला पोपट आहेत," बाई म्हणायच्या. "तू स्वतः तिथे हजर होतीस, असं सांग. हवं तेवढं खोटं बोल, मी विचारायला येणार नाही. पण गोष्टीत बादली असली, तर तिचा दांडा हाताला थंड लागला पाहिजे."

त्या वर्षीची गोष्ट एका शिंप्याची होती. त्याच्या गावची नदी थंडीत कुडकुडायची. इतकी कुडकुडायची की दोन्ही काठांवरच्या लोकांना तिचे दात वाजलेले ऐकू यायचे. शेवटी गाव म्हणालं, शिंपीदादा, आमच्या नदीला आतून अस्तर लावून द्या. शिंप्याने नदीचं माप घेतलं. माप घेताना नदीला गुदगुल्या झाल्या आणि ती खो खो हसली, तिथे धबधबा झाला. मग शिंपी एका काठाने टाके घालत वर गेला आणि दुसऱ्या काठाने टाके घालत खाली आला. सुई एवढी मोठी, की मासे तिच्या नेढ्यातून उड्या मारायचे. सगळ्या गावाचा दोरा त्या कामाला लागला. लोकांची बटणं सुटली, गाद्या उसवल्या, पतंगवाले हात चोळत बसले. आणि अगदी शेवटी, एकच टाका राहिला असताना, दोरा संपला. टाका घातला नाही तर सगळं अस्तर वाहून जाणार, आणि गावात तर वीतभर दोरा नाही!

"पुढे काय झालं, बाई?" सगळा वर्ग ओरडला.

"पुढच्या शुक्रवारी," बाई म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी हिला गालगुंड.

आठ दिवसांनी गळ्याला रुमाल बांधून ती शाळेत आली आणि शेजारणीला विचारलं, मागच्या बाकाला विचारलं, पुढच्या बाकाला विचारलं. प्रत्येकाने वेगळंच सांगितलं आणि प्रत्येकजण शपथेवर म्हणाला, बाईंनी हेच सांगितलं. आता बाईंच्या वर्गात कुणी सरळ सांगेल, तर तो बाईंचा विद्यार्थी कसला! म्हणून तिने ठरवलं, विचारायचं ते थेट बाईंनाच.

बाई जिन्यात भेटल्या. "हजर राहायचं होतंस," म्हणाल्या आणि हसत वर गेल्या. मग सुट्टी लागली, आणि सुट्टीनंतर त्यांना वरचे वर्ग मिळाले. शुक्रवारचा तास संपला तो संपलाच.

पुढे ती चष्म्याच्या दुकानात लागली आणि बाई तिच्या गिऱ्हाईक झाल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा नंबर उणे दीड होता. तिने काच घासली, फ्रेममध्ये बसवली, स्वतः बाईंच्या नाकावर ठेवून कानामागची दांडी वाकवून दिली आणि तेवढ्या जवळून हळूच विचारलं, "बाई, शिंप्याने काय केलं हो?"

बाईंनी नव्या काचेतून तिच्याकडे नीट पाहिलं. "पुढच्या नंबरला सांगते."

झालं. तेव्हापासून ही बया बाईंचा नंबर वाढायची वाट बघायला लागली. उणे दोन झाला, बाई म्हणाल्या, पुढच्या नंबरला. अडीच झाला, पुढच्या नंबरला. वाचायचा वेगळा नंबर लागला तेव्हा तर ती मनातून पेढे वाटल्यासारखी खूश झाली, आणि मग स्वतःचीच तिला इतकी लाज वाटली की तिने त्या काचा तीनदा पुसल्या. मोतीबिंदू निघाला, पुन्हा नवा नंबर. बाईंच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर तिला स्वतःच्या वाढदिवसासारखं पाठ होतं. मालक म्हणायचे, "या बाईंचा चष्मा तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, काय भानगड आहे?" ती म्हणायची, "कामात लक्ष घाला."

या खेपेला चष्मा तयार होऊन आठ दिवस झाले तरी बाई आल्या नाहीत. बाईंची भाची आली. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी मंगळवारी गेली."

बराच वेळ मागच्या खोलीत काचा घासायचं चाक नुसतंच फिरत राहिलं. ओला स्पंज त्याला लागून लागून सुकला. तिला रडू आलं ते बाईंसाठी, हे खरं. पण त्या रडण्यात एक हट्टी पोरगी पाय आपटत होती, तेही खरं. म्हणजे आता कधीच नाही? आता कुणाच्या कानामागची दांडी वाकवताना विचारायचं?

शाळेने पुढच्या रविवारी सभा ठेवली. जुने विद्यार्थी येणार, बाईंच्या आठवणी सांगणार. तिने मनाशी ठरवलं की रविवारच्या आत बाईंनी त्या दिवशी खरोखर काय सांगितलं ते शोधून काढायचं. गंमत नको, सजावट नको. बाईंचे शब्द हवेत.

वर्गातले दोघे एकाच इस्पितळात कामाला होते. एक तिथली लिफ्ट सांभाळायचा आणि एक तिसऱ्या मजल्यावरची मोठी सिस्टर होती. सुट्टीच्या दिवशी ती गेली, तर लिफ्टवाला लिफ्टच्या डोक्यावर बसून दोरखंडाला वंगण लावत होता.

"गैरहजर! तू इकडे कशी? कुणी आजारी?"

"कुणी नाही. खाली उतर. खरं सांग, शिंप्याने काय केलं?"

तो उतरला. तेलाचे हात फडक्याला पुसले आणि डोळे असे बारीक केले की क्षणभर त्या जागी बाईच उभ्या आहेत असं वाटलं. "शिंप्याने टाका घातलाच नाही. त्याने अस्तराच्या टोकाला एक मोठा दगड बांधला आणि तो पलीकडच्या काठावरून खाली सोडला. दगड खाली, अस्तर वर. नदी जेवढी ओढेल तेवढा दगड ओढणार. दोघांचं वजन सारखं. ते अस्तर आजही तसंच आहे."

"हे बाई म्हणाल्या?"

"माझ्या कानांनी ऐकलंय! अगं, म्हणून तर मी लिफ्टच्या कामाला लागलो. माझ्या तिन्ही पोरांना मी हेच सांगून झोपवलंय."

तेवढ्यात जिना उतरून सिस्टर आली. तिने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. "दगड? कसला दगड? डोक्यात पडलाय का तुझ्या? बाई म्हणाल्या, शिंपी नदीत उतरला आणि ती उसवलेली जागा त्याने हाताने धरून ठेवली. एक दिवस धरली, दोन दिवस धरली. हिवाळाभर गावातली माणसं पाळीपाळीने येऊन धरत होती. तोवर ते आपोआप जुळून आलं. जखमेसारखं."

"जुळून आलं म्हणे! कापड आहे ते, कातडी नाही."

"तुला काय कळतंय? पेशंट अर्धा तास वर अडकला होता परवा तुझ्या त्या सारख्या वजनात."

"तो त्याने आत उड्या मारल्या म्हणून!"

"ऐंशी वर्षांचा माणूस उड्या मारेल?"

ही मधे उभी. दोघांचं ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की दोघंही बोलताना उजवा हात बाईंसारखाच वर धरतात, बोटांत न दिसणारा खडू असल्यासारखा. सिस्टर वाक्याच्या शेवटी तशीच थांबते, ऐकणाऱ्याला पुढे झुकायला लावून.

"मला तुमचं नकोय रे," ती म्हणाली. "मला बाईंचं हवंय."

मग सिस्टर जरा मऊ आवाजात म्हणाली, "अगं वेडे, बाईंचंच सांगतेय." आणि लिफ्टवाला म्हणाला, "मीसुद्धा." आणि कुणी खोटं बोलत नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

आता एकच माणूस उरला. वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे 'टिपकागद' म्हणायचे. बाई जे बोलतील ते सगळं तो वहीत उतरवायचा. बाई खोकल्या तर कंसात 'खोकल्या' असं लिहायचा. पुढे तो न्यायालयात लोकांची साक्ष उतरवून घ्यायच्या नोकरीला लागला, म्हणजे मासा पाण्यातच पडला. हल्ली निवृत्त होऊन दुसऱ्या गावी राहायचा. तिने त्याचा फोन नंबर मिळवला.

"त्या शुक्रवारची वही आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"अरे मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"वाच बघू."

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "फोनवर नको. रविवारी घेऊन येतो."

रविवारी सकाळी तो दुकानातच आला. दुकान बंद होतं, तिने अर्धं शटर वर करून त्याला आत घेतलं. त्याच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू निघाला होता आणि त्याने तिथे काडी खुपसली होती. "शी! हे काय ध्यान," ती म्हणाली आणि चष्मा काढून घेतला. त्याने पिशवीतून वही काढली, पान उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि चष्म्याशिवाय भिंतीकडे बघत बसला.

शाई तपकिरी झाली होती. अक्षर तेव्हाचं, पोराचं, ओळीला चिकटून चाललेलं.

'शुक्रवार. शेवटचा तास. बाई आल्या. बाई म्हणाल्या, तर दोरा संपला. (थांबल्या. खिडकीपाशी गेल्या. परत आल्या. रिकाम्या जागेकडे पाहिलं.) बाई म्हणाल्या, आज मला पुढचं येत नाही. तुम्हीच घरी जाऊन सांगा. (पुस्तक उघडलं. मिटलं.) घंटा झाली.'

खाली काही नव्हतं. तिने पान उलटलं. पुढच्या पानावर भूगोल होता.

"म्हणजे," ती म्हणाली, "सांगितलंच नाही?"

"नाही."

"मग हे सगळे शपथा घेतात त्या?"

"सगळे घरी गेले आणि सांगितलं. शेवट ज्याने त्याने लावला. 'बाईंनी सांगितलं' म्हणायची सवयच होती आपल्याला." त्याने डोळे चोळले. "पंचेचाळीस वर्षं तेच सांगतायत पोराबाळांना. आता त्यांना ते ऐकू आलेलं आहे. मी आयुष्यभर साक्षीदार पाहिलेत. खोटं बोलणारा वेगळा दिसतो."

तिला आधी राग आला. काय लबाड बाई! पुढच्या नंबरला, पुढच्या नंबरला! आणि हातात काही नाही! इतकी वर्षं एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईने तिला नाकावरच्या काचेतून बघत झुलवलं. ती खूप हसली. हसता हसता तिने ती एकच ओळ पुन्हा वाचली, पुन्हा वाचली, मग बोट ठेवून वाचली. रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग तिने टिपकागदाचा स्क्रू बसवला. एरवी दोन मिनिटांचं काम, त्या दिवशी तिला नेढंच दिसेना, तेव्हा चांगली वीस मिनिटं लागली.

"पान नेऊ का?" तिने विचारलं.

त्याने आयुष्यात कुठला कागद फाडला नव्हता. पट्टी लावून, सरळ रेषेत, त्याने ते फाडून दिलं.

शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. बाकं तीच, मात्र माणसं रुंद झालेली, त्यामुळे तिघांच्या जागी दोघंच मावत होते. एकेकजण उठून बोलायला लागला. सुरुवात चांगली झाली. मग लिफ्टवाल्याने शिंप्याचा दगड काढला आणि सभेची वाट लागली. सिस्टर जागेवरूनच म्हणाली, "साफ खोटं." मागून एक गवंडी म्हणाला, नदीच जरा आखडून बसली, म्हणून टाका लागलाच नाही, हे बाईंचे शब्द आहेत. शिकवण्या घेणाऱ्या एकीने सांगितलं की शिंप्याने स्वतःचा सदरा उसवून दोरा काढला आणि उघडा घरी गेला. "उघडा काय, बाई असं बोलतील?" "का, तू बाईंचा वकील?" माणसं साठीला आलेली, पण आवाज सगळे त्या वर्गातले. सभेला अध्यक्ष म्हणून बसवलेल्या आताच्या मुख्याध्यापकांनी तीन वेळा टेबल वाजवलं आणि मग नाद सोडला.

शेवटी लिफ्टवाला ओरडला, "ठरवायचं कुणी? जिने ऐकलंच नाही तिनेच ठरवावं. तिची कुणाशी बांधिलकी नाही. गैरहजर, ऊठ!"

"ऊठ, ऊठ!" सगळे म्हणाले.

ती उठली. पर्स उघडीच होती, कागद वरच होता. एवढंच करायचं होतं की तो वाचायचा. पुढे सगळे बसलेले होते, बाईंनी ज्यांच्यातल्या पोपटाची चोच ठेचली ती माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव होता. माझं खरं म्हण. अगदी कोपऱ्यात टिपकागद, दुरुस्त चष्मा नाकावर. तो काही सांगणार नव्हता. त्याला कुणी विचारलंच नसतं.

तिने पर्स बंद केली.

"त्या शुक्रवारी," ती म्हणाली, "बाई आमच्या घरी आल्या होत्या."

सभागृह असं शांत झालं की बाहेर कुणीतरी सायकल स्टँडला लावली तेही ऐकू आलं.

"शाळा सुटल्यावर आल्या. मी पलंगावर, गळ्यापासून डोक्यापर्यंत रुमाल, दोन्ही गाल असे. आईने दार उघडलं. बाईंच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, त्याला पिन लावलेली होती. आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. त्या बसल्या तशी गादी त्या बाजूने दबली आणि माझा दुखरा गाल उशीवर सरकला, मी ओय म्हणाले. बाई म्हणाल्या, 'फार दुखतंय?' मी म्हटलं, नाही. बाई म्हणाल्या, 'आज वर्गात जमलं नाही बघ. तुझी जागा रिकामी होती.'"

टिपकागदाने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"मग?" लिफ्टवाला म्हणाला. "शिंप्याचं?"

"सांगते की. घाई काय आहे? आधी त्यांनी पाणी मागितलं. पेला पितळेचा होता, त्याच्या काठाला खड्डा होता, तो चुकवून प्यायल्या. मग म्हणाल्या, 'खिडकी उघडते, इथे कोंदट आहे.' खिडकीची कडी गंजलेली. आईने वरवंटा आणला, त्याने ठोकली."

"अगं, पण दोरा!" सिस्टर म्हणाली.

"त्याच्याकडेच येतेय."

येत नव्हती. तिला स्वतःलाच दिसत होतं की ती येत नाहीये. पुढचा शब्द शोधावा लागला असता तर एक वेळ ठीक, पण शब्द नुसते रांगेत उभे होते; दगड होता, धरलेले हात होते, सदरा होता, हवं ते उचलावं. पण टाका एकदा घातला की बाई म्हणणार, 'चल, येते मी.' चपला शोधणार. गादीची ती बाजू पुन्हा वर येणार.

म्हणून बाईंनी तिच्या कपाटातली पुस्तकं पाहिली. एक उलटं ठेवलेलं होतं, ते सुलटं केलं. तिच्या धाकट्या भावाला जवळ बोलावून त्याच्या बुटाची नाडी बांधायला शिकवली, त्याला दोनदा जमलं नाही. सगळं सभागृह पुढे झुकून ऐकत होतं. मुख्याध्यापकसुद्धा. कुणीच आता दोऱ्याचं विचारत नव्हतं. तिने आईला चहा ठेवायला लावला, चहा उकळू दिला, गाळू दिला, फार गरम होता म्हणून निवू दिला. बाहेर ऊन कलत आलं होतं, भिंतीवर खिडकीचा चौकोन पडला होता, तो तिने होता तिथेच थांबवून धरला.

"आई म्हणाली, 'बाई, उशीर तर होत नाही ना तुम्हाला? अजून अर्धा कप घेता?'"

ती थांबली.

"बाई म्हणाल्या, 'घेते.' आणि पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसल्या."